आश्रय आणि आडोसा



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्या वकीलसाहेबांनी आपले सारे आयुष्य या नाशिक जिल्ह्यातल्या साध्या माणसांची गाऱ्हाणी न्यायालयापर्यंत नेण्यात घालवले. म्हणून आज मी विषय आंतरराष्ट्रीय कायद्याचा घेतला असला, तरी प्रश्न जिल्हा न्यायालयातला विचारणार आहे.

समजा, दूरच्या एका देशात एक माणूस छळछावणीचा प्रमुख होता. त्याच्या हुकमाने शेकडो माणसे मारली गेली. पुढे राजवट उलथली, तो पळाला, कुठूनतरी कागदपत्रे मिळवली आणि काही वर्षांनी नाशिकच्या इंदिरानगरात घर घेऊन राहू लागला. शेजाऱ्यांशी त्याचे चांगले आहे, घरपट्टी वेळेवर आहे. एके दिवशी त्याच छावणीतून वाचलेली, आता याच शहरात आसरा घेऊन राहणारी एक बाई त्याला भाजीबाजारात ओळखते. ती पोलीस ठाण्यात जाते. ठाणे अंमलदाराने तिची फिर्याद कोणत्या कलमाखाली लिहून घ्यायची? आणि आपले सत्र न्यायालय तो खटला चालवू शकेल का?

आजच्या कायद्याप्रमाणे, थोडे अपवाद सोडले तर, उत्तर ‘नाही’ असे आहे. हे उत्तर बदलले पाहिजे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

हे उत्तर आले कुठून, ते आधी पाहू. 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने ‘सेंट्रल बँक ऑफ इंडिया विरुद्ध राम नारायण’ या खटल्याचा निकाल दिला. बँक आपल्या मुंबईची, 1911 साली सोराबजी पोचखानवाला यांनी उभी केलेली. फाळणीच्या वेळी मुलतान जिल्ह्यातल्या मैलसी गावी तिची शाखा होती. तिथल्या एका व्यापाऱ्याने कर्जापोटी बँकेकडे तारण असलेल्या कापसाच्या गाठी नोव्हेंबर 1947 मध्ये परस्पर विकल्या, असा बँकेचा आरोप होता. तोपर्यंत मैलसी पाकिस्तानात गेले होते. त्यानंतर तो व्यापारी भारतात आला आणि गुडगाव जिल्ह्यातल्या होडल इथे स्थायिक झाला. बँकेने त्याच्यावर इथे फौजदारी खटला चालवायला परवानगी मिळवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मुख्य न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांच्या न्यायपीठाने सांगितले की, गुन्हा घडला त्या क्षणी हा माणूस भारताचा नागरिक नव्हता आणि भारताचा रहिवासीही नव्हता. नंतर तो इथे येऊन राहिला, नागरिक झाला, म्हणून मागच्या तारखेने भारतीय न्यायालयाला अधिकार मिळत नाही.

कापसाच्या गाठींच्या बाबतीत हा निकाल मला पटतो. बँकेला दिवाणी मार्ग असतात, आणि प्रत्येक देशाने जगभरच्या प्रत्येक अफरातफरीचा न्याय करायला बसू नये, हे शहाणपणाचे आहे. पण हेच तत्त्व माणसांच्या कत्तलीला लावले, तर काय होते पाहा. 1947 साली सीमेच्या दोन्ही बाजूंना लाखो माणसे मारली गेली. मारणारे अनेकजण त्याच गर्दीतून सीमा ओलांडून दुसऱ्या देशाचे नागरिक झाले. ज्या देशात गुन्हा केला तिथे ते उरले नाहीत, आणि ज्या देशात राहायला गेले तिथल्या न्यायालयाला अधिकार नव्हता. इथे आपल्या देवळालीच्या छावणीत सिंधी निर्वासित कुटुंबे आली, तिकडे कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांतून उल्हासनगर वसले. त्या कुटुंबांना जमिनीच्या बदल्यात जमीन, घराच्या बदल्यात घर, थोडीफार भरपाई मिळाली. ज्याने आपल्या भावाला मारले त्याच्याविरुद्ध उभे राहायला साक्षीदाराचा पिंजरा मात्र कुठल्याच देशात मिळाला नाही.

1860 च्या भारतीय दंड संहितेची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेने घेतली. या मुद्द्यावर मात्र जुनीच चौकट राहिली. भारतीय नागरिकाने जगात कुठेही गुन्हा केला, तर त्याचा खटला इथे चालवता येतो, त्यासाठी केंद्र सरकारची मंजुरी लागते. भारतात नोंदलेल्या जहाजावर किंवा विमानात कोणीही गुन्हा केला, तरी त्याचा खटला इथे चालतो. परदेशात असताना परदेशी असलेल्या माणसाने तिथे केलेली कत्तल या चौकटीत बसत नाही, मग तो पुढे इथे वीस वर्षे राहिलेला का असेना.

आता अपवाद. ते महत्त्वाचे आहेत, कारण तत्त्व आपण आधीच मान्य केले आहे हे त्यांतून दिसते.

पहिला अपवाद 1960 चा जिनिव्हा करार अधिनियम. युद्धकैदी, जखमी सैनिक आणि परक्यांच्या ताब्यातील नागरिक यांच्यावर केलेले करारांचे गंभीर भंग, म्हणजे हेतुपुरस्सर हत्या, छळ, अमानुष वागणूक, हे त्यात गुन्हे ठरवले आहेत. आरोपी कोणत्याही देशाचा असो, गुन्हा भारतात घडलेला असो वा बाहेर. तो भारतात जिथे सापडेल तिथेच गुन्हा घडला असे मानून खटला चालवता येतो. शिक्षा फाशी किंवा जन्मठेपेपर्यंत. म्हणजे तो नाशिकला सापडला, तर गुन्हा नाशिकला घडला असे मानायचे! साठ वर्षांहून अधिक काळ हे कलम आपल्या कायद्यात आहे. पण दोन कुलपे आहेत. देशांमधल्या युद्धापुरतेच ते लागू होते; यादवी युद्धात स्वतःच्याच लोकांवर केलेले अत्याचार त्यात येत नाहीत. आणि सरकारने तक्रार केल्याशिवाय न्यायालय दखल घेऊ शकत नाही. गोव्याचे फादर मोंतेरो यांच्या खटल्यात 1969 साली मुख्य न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी हे स्पष्ट केले की, हा कायदा पीडित व्यक्तीच्या हाती न्यायालयात जाण्याचा हक्क देत नाही. त्याचे संरक्षण मिळते ते अप्रत्यक्ष, शिक्षेच्या तरतुदीतून.

दुसरा अपवाद समुद्रावरचा. ऑक्टोबर 1999 मध्ये ‘अलोन्ड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचे जहाज इंडोनेशियाजवळ चाच्यांनी पळवले आणि खलाशांना तराफ्यावर सोडून दिले. आपल्या तटरक्षक दलाने आणि नौदलाने ते अरबी समुद्रात गाठले. आरोपी इंडोनेशियाचे, जहाज पनामाच्या ध्वजाचे, लूट हजारो मैल दूर झालेली, खटला मुंबईत. 2003 साली सत्र न्यायालयाने त्यांना सात वर्षांची शिक्षा दिली. 2005 साली उच्च न्यायालयातून ते सुटले. चाचेगिरीचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, ही उणीव त्या खटल्याने उघड केली. ती भरून काढायला संसदेला 2022 चा सागरी चाचेगिरीविरोधी अधिनियम करावा लागला. मार्च 2024 मध्ये ‘एमव्ही रुएन’ जहाजावरून पकडलेले 35 सोमाली चाचे याच कायद्याखाली मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले गेले. या कायद्याच्या कक्षेत भारतीय नागरिकाबरोबर भारतात राहणारा परदेशी नागरिक आणि ज्याला कोणत्याच देशाचे नागरिकत्व नाही असा माणूसही स्पष्ट शब्दांत घातला आहे.

श्रोतेहो, याचा अर्थ नीट लक्षात घ्या. खुल्या समुद्रात मालवाहू जहाज लुटणारा माणूस इथे राहायला आला, तर आपण त्याच्यावर खटला चालवू शकतो. परक्या देशात एका जमातीचा वंशविच्छेद करणारा माणूस इथे राहायला आला, तर चालवू शकत नाही. संसदेला हे हवे होते असे मला वाटत नाही. जिथे नौदलाची निकड पडली तिथे कायदा झाला, आणि जिथे फक्त पीडितांची निकड होती तिथे राहून गेला.

वंशविच्छेदाविरुद्धच्या 1948 च्या करारावर भारताने 1949 साली सही केली आणि 1959 साली त्याला अनुमोदन दिले. त्यासाठी देशी कायदा करण्याचे बंधन त्या करारातच आहे. तो अजून झालेला नाही. छळविरोधी करारावर आपण 1997 साली सही केली, अनुमोदन दिले नाही. छळ प्रतिबंधक विधेयक 2010 साली लोकसभेने संमत केले, राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेले आणि पुढे बारगळले. 2017 साली विधी आयोगाने 273 व्या अहवालात कराराला अनुमोदन देऊन असा कायदा करण्याची शिफारस केली. डिसेंबर 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात 1984 च्या शीखविरोधी हत्याकांडाबद्दल सज्जनकुमार यांना दोषी ठरवताना न्या. मुरलीधर आणि न्या. गोयल यांनी लिहिले की, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशविच्छेद आपल्या देशी फौजदारी कायद्यात नाहीत आणि ही पळवाट तातडीने बुजवली पाहिजे. त्यालाही आता बरीच वर्षे झाली.

इतर देशांनी हे कसे केले, त्यातली तीन उदाहरणे मी निवडली आहेत.

1992 ते 1996 या काळात काबूल-जलालाबाद रस्त्यावर सरोबी इथे फरयादी झरदाद नावाच्या टोळीप्रमुखाची नाकी होती. तिथे प्रवाशांना लुटले जाई, डांबले जाई, त्यांचा छळ होई. 1998 साली हा माणूस खोट्या पारपत्रावर लंडनला आला, त्याने आश्रय मागितला आणि दक्षिण लंडनमध्ये पिझ्झाचे दुकान चालवू लागला. पत्रकारांनी त्याला शोधले, 2003 साली अटक झाली. छळविरोधी करारामुळे ब्रिटनने 1988 साली केलेल्या कायद्याप्रमाणे छळाचा गुन्हा अधिकारपदावरच्या कोणत्याही देशाच्या माणसाने, कुठेही केला, तरी त्याचा खटला ब्रिटनमध्ये चालतो. साक्षीदार काबूलच्या ब्रिटिश दूतावासात बसले आणि दृक्‌श्राव्य जोडणीवरून लंडनच्या न्यायालयात त्यांची साक्ष झाली. पहिल्या ज्यूरीचे एकमत झाले नाही, दुसऱ्यांदा खटला चालला आणि जुलै 2005 मध्ये 20 वर्षांची शिक्षा झाली. ब्रिटनमध्ये छळाचा एकही गुन्हा न केलेल्या माणसाला ही शिक्षा झाली, आणि त्यासाठी संपूर्ण पुराव्याचा भार सरकारी पक्षानेच उचलला.

दुसरे उदाहरण आफ्रिकेतले, आणि मला ते सर्वांत जवळचे वाटते. चाडचा हुकूमशहा इसेन हाब्रे 1990 साली सत्ता गेल्यावर सेनेगलची राजधानी डकार इथे जाऊन राहिला. चांगली वस्ती, चांगले शेजारी. त्याच्या तुरुंगातून जिवंत सुटलेले सुलेमान गेंगेंग नावाचे एक कारकून होते. त्यांनी शेकडो पीडितांचे जबाब लिहून काढले आणि अनेक वर्षे लपवून जपले. 2000 साली पीडितांनी डकारच्या न्यायालयात फिर्याद दिली. आरोप दाखल झाले, पण 2001 साली सेनेगलच्या सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयाने सांगितले की, परदेशी माणसाने परदेशात केलेल्या छळाचा अधिकार आमच्याकडे नाही. राम नारायण खटल्यात आपण ऐकले ते हेच. पण सेनेगल तिथे थांबला नाही. 2007 साली त्यांनी कायदा बदलला. 2012 साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बेल्जियमच्या दाव्यावर निकाल दिला की, सेनेगलने एकतर खटला चालवावा किंवा आरोपीला हवाली करावे. आफ्रिकी संघाच्या साहाय्याने डकारलाच विशेष न्यायालय उभे राहिले आणि 30 मे 2016 रोजी हाब्रेला जन्मठेप झाली. हे श्रीमंत पाश्चात्त्य देशांनाच परवडते, असे कोणी म्हणाले तर डकारकडे बोट दाखवावे.

तिसरे उदाहरण जर्मनीचे. दमास्कसच्या अल-खतीब शाखेत चौकशी विभागाचा प्रमुख असलेला अन्वर रसलान 2014 साली निर्वासित म्हणून बर्लिनला आला. त्याच शहरातल्या निर्वासितांच्या निवाऱ्यात सीरियन वकील अन्वर अल-बुन्नी यांना तो दिसला; सीरियात आपल्याला पकडणारा माणूस हाच, हे त्यांना पुढे उमगले. जर्मनीत 2002 पासून आंतरराष्ट्रीय गुन्ह्यांची स्वतंत्र संहिता आहे. कोब्लेन्झ शहरात एप्रिल 2020 मध्ये खटला सुरू झाला. ऐंशीहून अधिक साक्षीदार तपासले गेले, त्यांत जर्मनीतच राहणारे अनेक सीरियन निर्वासित होते. 13 जानेवारी 2022 रोजी मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी रसलानला जन्मठेप झाली.

या उदाहरणातून माझा मुद्दा पूर्ण होतो. माणसे जिवाच्या भीतीने देश सोडतात तेव्हा छळलेलाही येतो आणि छळणाराही येतो, कधी एकाच निवाऱ्यात. आश्रय पहिल्यासाठी असतो. दुसऱ्याने त्याचा आडोसा केला, तर आश्रयाची सगळी परंपराच नासते. महाराष्ट्राला ही परंपरा परकी नाही. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, स्टालिनच्या राजवटीने घरादारातून उचलून नेलेली माणसे. 1971 साली भारताने जवळजवळ एक कोटी पूर्व बंगाली निर्वासितांना थारा दिला. मात्र त्यांच्यावर अत्याचार करणाऱ्यांचे काय झाले? युद्धानंतर सुमारे 93,000 युद्धकैदी आपल्या ताब्यात होते. त्यांतल्या 195 जणांवर बांगलादेशला खटले चालवायचे होते, त्यासाठी त्यांनी 1973 साली कायदाही केला. एप्रिल 1974 च्या त्रिपक्षीय करारानंतर ते 195 जण पाकिस्तानला परत गेले, एकाही खटल्याविना. उपखंडात शांतता हवी होती, हे मी समजू शकतो. पण आश्रय देणाऱ्या देशाने पीडितांना अन्न आणि तंबू दिले, न्याय देता आला नाही, ही नोंद आपल्या इतिहासात राहिली.

आता आक्षेप. तो मी गांभीर्याने घेतो, कारण तो नाशिकच्याच इतिहासातून येतो.

21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना एप्रिल 1910 मध्ये ठाण्याला फाशी झाली. त्या आधीच मार्चमध्ये या वधाच्या कटाशी संबंध जोडून विनायक दामोदर सावरकरांना लंडनला अटक झाली होती. 1881 च्या फरारी गुन्हेगारांविषयीच्या साम्राज्याच्या कायद्याखाली त्यांना मुंबईला पाठवायचे ठरले. 8 जुलै 1910 रोजी मार्सेलच्या बंदरात त्यांनी बोटीतून उडी घेतली आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावर त्यांना पुन्हा पकडून बोटीवर आणले गेले. फ्रान्सने हरकत घेतली. हेगच्या लवादाने फेब्रुवारी 1911 मध्ये निकाल दिला की, त्यांना ताब्यात देण्यात अनियमितता झाली, तरी परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही. तोपर्यंत इकडे त्यांना जन्मठेपेच्या शिक्षा झालेल्या होत्या. नाशिकच्या कटाचा खटला जगभरच्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पुस्तकांत शिकवला जातो तो यामुळे.

म्हणून नाशिककराने विचारलेच पाहिजे: सीमा ओलांडून पोचणारा कायद्याचा हात साम्राज्याच्या खांद्याला जोडलेला असला तर? आपले विरोधक परदेशी आश्रयाला गेले की त्यांना गुन्हेगार म्हणून मागणाऱ्या राजवटी आजही आहेत. दुसरी भीती उलट दिशेची. बेल्जियमने 1993 साली असाच व्यापक कायदा केला. त्याखाली 2001 साली रवांडातील हत्याकांडाबद्दल चौघांना शिक्षा झाली, त्यांत दोन नन होत्या. पण फिर्यादी बड्या राष्ट्रांच्या नेत्यांपर्यंत पोचताच अमेरिकेचा दबाव आला आणि 2003 साली तो कायदा रद्द झाला. बड्यांना सोडून छोट्यांनाच पकडणारा न्याय कसला, असा प्रश्न रास्त आहे.

माझे उत्तर असे आहे. या भीतीवर उपाय कायदा न करणे हा नाही. कायदा काटेकोर करणे हा आहे. सत्तेविरुद्ध उठलेला माणूस आणि सत्तेच्या बळावर निःशस्त्रांची कत्तल करणारा माणूस यांतला भेद कायद्याच्या मजकुरातच लिहावा लागेल. वंशविच्छेद, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे, छळ: एवढेच गुन्हे, काटेकोर व्याख्यांसह. आरोपी भारतात राहत असला पाहिजे. जगभरच्या नेत्यांविरुद्ध गैरहजेरीत खटले नकोत. बेल्जियमचा कायदा ज्या वादात अडकला, तो या एका अटीने टळतो. सरकारच्या मंजुरीची अट ठेवायची असेल तर तिला मुदत असावी, नकाराची कारणे लेखी द्यावीत आणि त्या नकाराला उच्च न्यायालयात आव्हान देता यावे, म्हणजे पीडिताची फिर्याद मंत्रालयाच्या टेबलावर पडून राहणार नाही. आरोपीला मातृभाषेत दुभाषी, सक्षम वकील आणि बचावाचे साक्षीदार परदेशातून आणण्याचा हक्क मिळालाच पाहिजे. तपासासाठी छोटे, प्रशिक्षित, स्वतंत्र पथक हवे. पोलीस ठाण्यावर हा भार टाकून चालणार नाही.

कोणी म्हणेल, त्याला सरळ देशाबाहेर घालवा. 1962 च्या प्रत्यार्पण अधिनियमात मागणी करणाऱ्या देशाच्या हवाली करण्याची सोय आहे, आणि ते शक्य नसेल तर इथे खटला चालवण्याचे कलमही 1993 पासून आहे. पण प्रत्यार्पणासाठी कुणीतरी मागणी करावी लागते. ज्या देशात त्याचेच साथीदार सत्तेवर आहेत तो देश मागणी करणार नाही, आणि केली तर शिक्षेसाठी करणार नाही. नुसते हाकलून दिले, तर तो तिसऱ्या देशात नवे घर करतो.

आणि हा कायदा फक्त बाहेरून येणाऱ्यांसाठी असून चालणार नाही. या देशात, आपल्याच माणसांनी, आपल्याच माणसांवर केलेल्या सामूहिक हत्यांनाही त्याच व्याख्या लागल्या पाहिजेत. दिल्ली उच्च न्यायालयाने दाखवलेली पळवाट हीच आहे. घरच्या गुन्ह्याकडे डोळेझाक करणाऱ्या देशाला परक्याच्या गुन्ह्याचा न्याय करण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.

शेवटी निकडीचा मुद्दा, आणि तो विशेषतः तरुण वकिलांसाठी. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 20 (1) प्रमाणे, कृत्य घडले तेव्हा अमलात असलेल्या कायद्याचा भंग झाल्याखेरीज कोणालाही शिक्षा देता येत नाही. हा आपला मूलभूत हक्क आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे. ब्रिटनने 2009 साली आपला आंतरराष्ट्रीय गुन्ह्यांविषयीचा कायदा दुरुस्त करून 1991 पर्यंत मागे नेला. आपल्याला तसे करणे फार कठीण. त्यामुळे आपल्याकडे विलंबाची किंमत वेगळी आहे. जोवर कायदा होत नाही, तोवर जगात कुठेही घडणारे असे गुन्हे आपल्या न्यायालयांच्या कक्षेतून कायमचे निसटत आहेत. उद्या कितीही चांगला कायदा केला, तरी आजचा गुन्हेगार त्याच्याबाहेर राहील आणि आजची पीडित बाई पोलीस ठाण्यातून रिकाम्या हाताने परतेल.

म्हणून माझी विनंती नेमकी आहे. नाशिकच्या विधी महाविद्यालयांनी आणि वकिलांनी एकत्र बसून या कायद्याचा मसुदा मराठीत आणि इंग्रजीत तयार करावा. तो आपल्या खासदारांच्या हाती द्यावा आणि अशासकीय विधेयक म्हणून मांडण्याचा आग्रह धरावा. विधी आयोगाला लिहावे. अशी विधेयके क्वचितच संमत होतात, हे मला ठाऊक आहे. पण सेनेगलचा कायदा बदलला तो जबाब जपून ठेवणाऱ्या एका कारकुनाच्या आणि हार न मानणाऱ्या पीडितांच्या चिकाटीने. आपल्याकडे वकील आहेत, न्यायालय आहे आणि बोलण्याचे स्वातंत्र्य आहे. या शहरात आसरा घेणाऱ्याला आपण घर देतो, त्याच्या मुलांना शाळा देतो. त्याच्या गुन्हेगाराविरुद्ध उभे राहायला न्यायालय देणे हेही त्या आश्रयाचेच काम आहे, आणि ते आपण हाती घ्यावे.